दारावरची सभ्य पाटी

पाट्या करणाऱ्या बाईला कुणी दिवाळी अंकात लिहायला सांगेल असं मला कधी वाटलं नव्हतं. संपादकांनी कॅनडातले गमतीदार अनुभव मागितले आहेत. गमतीदार थोडे आहेत, ते आधी सांगून टाकते. त्यानंतरचं सांगताना अजून डोकं तापतं, तेव्हा भाषा जरा वरखाली झाली तर सांभाळून घ्या.

विंडसर हे मोटारींच्या कारखान्यांचं गाव. नदीपलीकडे डेट्रॉइट दिसतं. माझा नवरा श्रीकांत इथल्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. मी मुंबईहून कमर्शियल आर्टचा डिप्लोमा घेऊन आलेली. एकतीस वर्षं एका साइन शॉपमध्ये, म्हणजे पाट्यांच्या दुकानात, काम केलं. दवाखाना, शाळा, पार्किंग, वॉशरूम, जिथे माणसाला न बोलता काही सांगायचं असतं तिथली पाटी आम्ही करायचो. लोकांना वाटतं पाटी म्हणजे अक्षर. अक्षराचा नंबर शेवटी लागतो. आधी वाचणारा कोण ते बघायचं.

आमचा मालक डॉमिनिक, म्हातारा इटालियन. हॉस्पिटलची पाटी लावून झाली की तो मला लांब उभी करायचा आणि ओरडायचा, "शायला, तुझ्या छातीत दुखतंय, चष्मा घरी राहिलाय, नवरा कटकट करतोय. आता वाच!" माझं नाव शैला, पण ते त्याला शेवटपर्यंत जमलं नाही. वाचता आली नाही तर तो पाटी उतरवायला लावायचा. पाटी लागल्यावर आडोशाला उभं राहून पहिली पाच-सात माणसं ती वाचून काय करतात ते बघायचं, ही सवय त्यानेच लावली.

दुसरी त्याची शिस्त सहीची. छापण्याआधी पाटीचा नमुना कागदावर काढून गिऱ्हाइकापुढे ठेवायचा. त्याला प्रूफ म्हणतात. त्यावर गिऱ्हाइकाची सही झाल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. एका डेंटिस्टने घाईघाईत न वाचताच सही केली आणि त्याच्या क्लिनिकच्या पाटीवर त्याच्या मेहुण्याच्या पिझ्झाच्या दुकानाचा फोन नंबर छापला गेला. आठवडाभर दाढदुखीवाले पिझ्झावाल्याला फोन करत होते. डेंटिस्ट आमच्या अंगावर धावून आला. डॉमिनिकने शांतपणे त्याची सही त्याला दाखवली. सही म्हणजे जबाबदारी घेणं, एवढं साधं ते गणित होतं.

रिटायर झाल्यावर मी फूड बँकेत जायला लागले ते डॉक्टर केळकरांमुळे. ज्यांच्या घरात आठवड्याचा किराणा भरत नाही त्यांना तो फुकट देणारी जागा म्हणजे फूड बँक. आमची फूड बँक दर गुरुवारी एका बंद पडलेल्या शाळेत उघडते. डॉक्टर तिच्या बोर्डावर, म्हणजे संचालक मंडळावर. हे डॉक्टर म्हणजे इथल्या मराठी माणसांचं माहेर. पन्नास वर्षांपूर्वी आले, आणि त्यानंतर आलेल्या प्रत्येकाला एअरपोर्टवरून आणण्यापासून विंटर टायर कुठे मिळतात ते दाखवण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं. आमच्या पहिल्या हिवाळ्यात माझ्या अंगावर होता तो कोट त्यांच्या बायकोचा. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे मी त्यांच्यावर चिडणार आहे.

"वहिनी," ते म्हणाले, "घरी बसून काय करणार? तुमचं डिझाइन इथे डोनेट करा. हंगरशी लढायला तेही लागतं."

गेले. आणि पहिल्याच दिवशी माझं टाळकं सटकलं. शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर दहा फुटांची पाटी होती: "फूड बँकेची रांग इथे लावा". खाली लाल बाण. समोर बसस्टॉप. म्हणजे गावातून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बसमधून रांगेतली तोंडं दिसावीत अशी चोख व्यवस्था. कारखान्यातून ले-ऑफ झालेला रे नावाचा एक माणूस त्या पाटीवरून तीन वेळा पुढे गेला. चौथ्यांदा आला तेव्हा मी बाहेर जाऊन त्याला वेळ विचारली आणि बोलत बोलत आत आणलं. दोन आठवड्यांत मी ती पाटी उतरवली, दार पार्किंगच्या बाजूला घेतलं आणि तिथे छोटी पाटी लावली: "गुरुवारचं मार्केट". रांग वाढली. गावात भूक वाढली म्हणून नाही, तर उपाशी माणसांना लपून आत येता यायला लागलं म्हणून.

गाढवपणाही केला. मांसाचा अंश नसलेल्या डब्यांवर आपल्याकडच्यासारखा हिरवा ठिपका लावला. ज्याला शाकाहारी पाहिजे त्याला एका नजरेत कळेल, म्हणून मी खुशीत. इथल्या लोकांना हिरवा म्हणजे "उचला, चांगलं आहे" असं वाटलं. रेने एका गुरुवारी नुसत्या राजम्याचे नऊ डबे नेले आणि पुढच्या गुरुवारी येऊन माझ्याकडे तक्रार केली. तक्रारीचं स्वरूप सांगत नाही.

आणि एकदा गावातल्या डिझायनर लोकांनी आमच्या मदतीसाठी मॉलमध्ये डब्यांचा देवमासा उभा केला. ट्यूना माशाच्या डब्यांचा, चांगला बारा फूट लांब. फोटो, भाषणं, बक्षीस. मासा दहा दिवस मॉलमध्ये पोहत होता आणि त्या दहा दिवसांत आमच्या ट्यूनाच्या फळीवर धूळ होती. मी आयोजकांना फोन केला की शेपटी तरी पाठवा. त्या बाई म्हणाल्या, स्ट्रक्चर कोसळेल. हंगरशी लढाई म्हणतात ती ही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

मागच्या काही वर्षांत इथल्या कॉलेजांनी आपल्याकडची मुलं पोत्यांनी आणली. पोत्यांनीच म्हणते, कारण ती राहणार कुठे आणि खाणार काय याचा विचार पोत्यांबद्दल करतात तितकाच केला गेला. एका बेसमेंटमध्ये पाच-पाच, सहा-सहा जण. काम मिळालं तर मिळालं. ही मुलं गुरुवारी यायला लागली. पंजाबी, गुजराती, तेलुगू आणि मराठीसुद्धा. मी रांगेजवळून जायला लागले की मराठीत कुजबुजणाऱ्या मुली लगेच पाठ फिरवायच्या. मी न ऐकल्यासारखं करायचे. तेवढं मला कळत होतं.

मग एका पोराने "फ्री ग्रोसरी कशी मिळवायची" असा व्हिडिओ टाकला. तो नक्की कुठल्या गावचा, देव जाणे, पण आमच्या देणगीदारांचे फोन यायला लागले, की आम्ही दिलेलं यांना जातं का. फळ्याही लवकर रिकाम्या होत होत्या, हे खरं आहे, नाकारत नाही. बोर्डाने ठरवलं की परदेशी विद्यार्थ्यांना किराणा द्यायचा नाही. ठराव कुणी मांडला? डॉक्टर केळकरांनी.

"व्हिसा घेताना ही मुलं लिहून देतात की आमच्याकडे पुरेसे फंड्स आहेत," ते मला म्हणाले. "मग? आणि वहिनी, लोक बघतात. आपण इथे इतकी वर्षं नाव कमावलं. कुणापुढे हात पसरला नाही. आता इंडियन म्हटलं की फूड बँकेची रांग, असं व्हायला लागलंय."

दारात उभं राहून नाही म्हणायचं कुणी, हा प्रश्न होता. फूड बँकेची मॅनेजर लिंडा, रडवेली, म्हणाली तिच्याने होणार नाही. मग सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. पाटी लावली की कुणालाच काही बोलावं लागत नाही. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या हातात गोडवा आहे. हार्श नको. पोलाइट करा. कुणाला इन्सल्ट वाटता कामा नये."

मी नाही म्हणायला हवं होतं. त्यांनी आमच्यासाठी केलेलं सगळं डोळ्यांपुढे होतं हे खरं, पण ती पळवाट झाली. खरी गोष्ट अशी की मला काम अवघड वाटलं, आणि अवघड काम दिलं की माझे हात शिवशिवतात. लाल रंग टाळला, तो अंगावर येतो. शांत निळा घेतला. अक्षर गोलसर. "मनाई" हा शब्द कुठेही नाही. वर मोठ्या अक्षरात "आपलं स्वागत आहे". खाली: "सध्या आम्ही परदेशी विद्यार्थ्यांना सेवा देऊ शकत नाही. आपली अडचण आम्ही जाणतो. कृपया समजून घ्या." कोपऱ्यात एक लहानसं पान. बोर्ड खूश. लिंडा म्हणाली, किती सुंदर. फुकटचं काम, घरच्यासारखी माणसं, म्हणून प्रूफवर सही घ्यायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

जानेवारीतल्या एका गुरुवारी पाटी दाराच्या काचेवर चिकटवली आणि जुन्या सवयीने चहाचा कप घेऊन खिडकीशी उभी राहिले. एक मुलगी आली. करडं जॅकेट, पाठीवर बॅग, हातात घडी केलेल्या दोन पिशव्या. बाहेर उणे चौदा. ती थांबली, पाटी वाचली. पुन्हा वाचली नाही, गरज नव्हती. मग तिने खिशातून फोन काढला, कानाला लावला, कुणीतरी तातडीने बोलावल्यासारखी मान हलवली आणि वळून चालायला लागली. फोन वाजला नव्हता. मी काचेच्या आत चार फुटांवर होते, मला ऐकू आलं असतं.

आता जे सांगते ते सांगायची लाज वाटते. एक क्षण मला बरं वाटलं. पाटी चालली, असं वाटलं. चार ओळी, एक नजर, प्रश्न नाही, वाद नाही. डॉमिनिक असता तर त्याने पाठ थोपटली असती. चहा निवेपर्यंत तसल्या आणखी तीन मुली आणि दोन मुलगे आले आणि फोन कानाला लावून गेले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी काय करून ठेवलंय. भुकेल्या माणसाला हाकलण्याचं इतकं सफाईदार काम या गावात दुसऱ्या कुणालाही जमलं नसतं.

फेब्रुवारीत मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. इथे हॉल मिळेल त्या रविवारी संक्रांत येते. स्वयंपाकघरात करड्या जॅकेटवर एप्रन बांधून एक मुलगी गुळाच्या पोळ्या परातीत रचत होती. मी ओळखलं. नाव ऋतुजा, अकोल्याची, इथे हेल्थकेअरचा कोर्स करतेय. मी मुद्दाम तिच्या शेजारी तूप लावायला बसले आणि आडवळणाने गुरुवारच्या मार्केटचा विषय काढला.

"गेले होते ना काकू," ती म्हणाली. "आता आपल्याला नाही देत तिथे. बोर्ड लावलाय."

"मग?"

"मग काही नाही. शनिवारी गुरुद्वारात जातो आम्ही लंगरला. दोन बस चेंज कराव्या लागतात, पण तिथे कुणी विचारत नाही. बाकी दिवस मॅनेज होतं. एक टाइम."

"एक टाइम म्हणजे?"

"म्हणजे एक टाइम, काकू." ती हसली. "कुणी ओरडलं असतं ना, तर मी भांडले असते. घरी माझं तोंड फार चालतं. पण इतकं नीट लिहिलंय, प्लीज वगैरे. त्यावर काय बोलणार?"

पलीकडे हॉलमध्ये डॉक्टर कुणाला तरी सांगत होते की हल्लीची मुलं मंडळात फक्त जेवायला येतात आणि डबे भरून नेतात. ऋतुजाच्या कानावर ते गेलं. तिच्या हातातली पोळी परातीच्या काठावर थांबली, मग तिने ती नीट इतर पोळ्यांवर ठेवली. मला त्या क्षणी ते तूप कुणाच्या तरी डोक्यावर ओतावंसं वाटत होतं. कुणाच्या, ते ठरत नव्हतं. माझ्याही असू शकलं असतं.

घरी आले आणि श्रीकांतला म्हटलं, मी पाटी काढणार. तो म्हणाला, "पाटी काढलीस तरी नियम आहेच." तो इंजिनिअर आहे, त्याचं बरोबर असतं आणि म्हणून जास्त राग येतो. मग मी टेबलाशी बसले आणि दुसरी पाटी काढली. नियम तोच, अर्थही तोच, फक्त गोडवा काढून टाकला. पांढऱ्यावर काळं, ठसठशीत: "तुम्ही परदेशी विद्यार्थी असाल तर उपाशी परत जा." खाली आठ ओळी, बोर्डाच्या आठ जणांच्या सहीसाठी.

बोर्डाची मीटिंग दुपारी शाळेच्या जुन्या लायब्ररीत असते. कॉफी, डोनट. मी प्रूफ टेबलावर ठेवलं आणि पेन बाजूला.

"हे काय?" डॉक्टर म्हणाले.

"करेक्शन आहे. आधीच्या पाटीत अर्थ स्पष्ट नव्हता. सही करा, उद्या लावते."

"वहिनी, हे टू मच आहे. आपण असं कधी म्हटलं?"

"मग काय म्हटलं? वाचणाऱ्याने करायचं काय, ते पाटीत असतं. वाचून मुलं काय करतात ते मी खिडकीतून बघितलंय. उपाशी परत जातात. मी फक्त ते लिहिलं."

एक बाई म्हणाल्या, भाषा फार क्रूर आहे. मी म्हटलं, भाषा बदलून देते, तुम्ही सांगा कशी. पण या वेळी सही लागेल. आधीच्या पाटीवर कुणाचीच सही नाही, म्हणून ती एकटी माझी झाली, आणि ती मी यापुढे सांभाळणार नाही. मी इंग्रजीत रागावले की माझे उच्चार सगळे गिरगावात जातात, पण कुणी हसलं नाही. पेन टेबलाभोवती फिरलं. लिंडाने हातच मागे घेतला. डॉक्टरांनी पेन उचललं, टोपण काढलं. मग माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाले, "मी आलो तेव्हा पहिल्या महिन्यात एका चर्चमध्ये सूप प्यायचो. हिला सुद्धा सांगितलं नव्हतं कधी."

हिला म्हणजे त्यांच्या बायकोला. ती जाऊन सहा वर्षं झाली.

मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. मी म्हटलं, "आणि तिथल्या दारावर पाटी नव्हती ना?" त्यांनी पेनाला टोपण लावलं. सही कुणीच केली नाही. ठराव पुढच्या मीटिंगपर्यंत "स्थगित" झाला, कारण रद्द म्हणायला इथे कुणालाच धीर होत नाही. मी खाली गेले, पट्टीने खरवडून काचेवरची निळी पाटी काढली आणि लिंडाने काचेवरचा गोंद पुसला.

तर सुखाने संपलं असं वाटेल. पुढचा गुरुवार, त्याच्या पुढचा, त्याच्या पुढचा. एक विद्यार्थी फिरकला नाही. मी ऋतुजाला फोन करून सांगितलं की बंदी उठली, आणि मग हेही सांगितलं की ती पाटी माझ्या हातची होती. मग म्हणाली, "बरं काकू. बघते." ते "बघते" आपल्याला सगळ्यांनाच कळतं.

मार्च संपता संपता ती आली. एकटी. मी दारातच होते. मला बघून नुसती मान हलवली. मी तिच्याबरोबर रांगेत उभी राहिले. टेबलाशी लिंडाने तिचं कॉलेजचं कार्ड बघितलं, परत दिलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, घरात किती जण?

"वन," ऋतुजा म्हणाली. लिंडा लिहायला लागली. "सॉरी," ऋतुजा म्हणाली. "फाइव्ह. बाकीच्या बाहेर आहेत. मला देतात का ते बघायला थांबल्यात."

इतके दिवस मी दारातून परत गेलेली डोकी मोजत होते; एकेका डोक्यामागे घरात आणखी किती, ते मोजलंच नव्हतं.

बाहेर गेले. पार्किंगच्या टोकाला एका व्हॅनच्या आडोशाला चौघी उभ्या होत्या, हात बगलेत घालून. मी हाक मारली, या, आत या, सगळ्यांना मिळेल. त्यातल्या एकीने, बहुतेक पंजाबी असावी, फोन पुढे केला. स्क्रीनवर माझी पाटी. निळी, गोलसर अक्षरांची, कोपऱ्यात पान. त्यांच्या ग्रुपवर जानेवारीपासून फिरत होती.

"आंटी, इसमें तो मना लिखा है," ती म्हणाली.

"वो मैंने लिखा था, बेटा," मी म्हटलं. "ग़लत लिखा था. चलो अंदर."

तिने फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. चौघींपैकी एकही जागची हलली नाही.